ट्रकचा खांदा

कापसाच्या त्या वाईट वर्षांत मी आनंदात होतो, हे कधीतरी सांगायलाच हवं. बाहेरच्या लोकांना यवतमाळ जिल्ह्याचं नाव तेव्हा फक्त दुःखासाठी माहीत झालं होतं. गावात गाड्या यायच्या, माणसं उतरायची, हळू आवाजात बोलायची. आणि मी, घाटंजीजवळच्या एका खेड्यातला माणूस, ट्रकच्या दाराला टेकून शीळ घालत असायचो. समोरून कुणी ओळखीचं आलं की शीळ बंद करायचो. आपण हसताना दिसलो तर बरं दिसत नाही, ही टोचणी मला अजून सुटलेली नाही. पण खरं ते खरं. त्या काळातला माझा सगळ्यात मोठा घोर होता एक रबरी पाईप.

ट्रक जुना घेतला होता, पण टर्बोवाला. टर्बोचं काम समजायला सोपं आहे. तो इंजिनात हवा दाबून भरतो, म्हणून भरलेली गाडी चढण चढते. ही हवा जिथून जाते तिथे लोखंडी नळीच्या तोंडावर जाड रबरी पाईप चढवलेला असतो आणि वरून लोखंडी पट्टा आवळलेला असतो. हा जोड निसटला की सुतळीबॉम्ब फुटल्यासारखा आवाज होतो, मागून काळा धूर निघतो आणि गाडीतला जीवच जातो. आमच्या ट्रकचा तो जोड सारखा निसटायचा.

ट्रक यावा म्हणून बैलजोडी गेली होती. ते मीच करायला लावलं. बैल शेजारच्या गावच्या एका भल्या माणसाकडे गेले, खाऊनपिऊन सुखी होते, पण बाबांच्या कोठ्यातून गेले ते गेलेच. बाबा मला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि तेच वाईट होतं. ट्रक दारात उभा राहिला त्या दिवशी माझ्या बायकोने त्याला ओवाळलं, टायरखाली लिंबू ठेवलं. बाबा ओसरीत बसून राहिले. ट्रकला ते ट्रक म्हणायचेही नाहीत. ‘डबा’ म्हणायचे. ‘तुहा डबा सावलीतून काढ, खाट टाकाची हाय.’ आठवड्यातून एकदा पायी जाऊन बैलांना भेटून यायचे. आले की अंगाला शेणाचा वास असायचा आणि त्या संध्याकाळी दोन घास जास्त जेवायचे.

मला एवढंच हवं होतं की बाबांनी एकदा ट्रकजवळ यावं. त्यांचं काम मी काढून घेतलं होतं. दुसरं काही तरी त्यांच्या हाताला लागावं, म्हणजे माझ्या छातीवरचा दगड उतरेल, असं वाटायचं.

आणि ते आले. एका पहाटे मी उठलो तर बाबा ट्रकच्या पुढ्यात उकिडवे बसले होते. समोरची जाळी उघडी होती आणि एक हात आत. मी दारातच थांबलो. जवळ गेलो तर उठून जातील, अशी भीती वाटली. घरात जाऊन बायकोला उठवलं.

‘अवं, बाबा गाडीपाशी हायेत!’

‘मंग? गाडी घेऊन पळून राह्यले काय?’ ती कूस बदलून म्हणाली. ‘असू द्या की. तुमी नका जाऊ तिथं.’

मी गेलो नाही. त्या दिवसापासून बाबा रोज पहाटे ट्रकजवळ दिसू लागले. काय करतात ते मी विचारलं नाही. बैलाच्या अंगावरून हात फिरवावा तसा हात फिरवत असतील, असं धरून चाललो. माझा आनंद मावत नव्हता. त्या आनंदात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. पाईप पूर्वी कधीमधी निसटायचा, तो आता वारंवार निसटायला लागला होता.

घाटंजीहून यवतमाळकडे जाताना रस्ता चढतो. मोकळा कापूस भरलेला, वर तुडवून तुडवून बसवलेला, आणि त्या ढिगावर दोन हमाल गादीवर लोळल्यासारखे लोळलेले. चढणीच्या मध्यावर टर्बोची शीळ ऐन रंगात आली की ‘फट्ट!’ वरून लगेच ओरड यायची.

‘काय झालं भाऊ?’

‘पाईप निसटला.’

‘पुन्हा? अबे, पाईप हाय का नवी सून? दर चार दिवसाले माहेरी पळते!’

मागून येणारे ट्रकवाले हॉर्न देऊन पुढे जायचे. एकाने तर थांबून, खिडकीतून मान काढून अगदी मायेने विचारलं, ‘भाऊ, ढकलू काय? का बैल आणू?’ त्याला माझी गोष्ट माहीत नव्हती, पण बरोबर दुखऱ्या जागी बसलं. वरचे दोघे कापसात तोंड खुपसून हसत होते. मीही हसलो. इंजिन निवेपर्यंत रस्त्याच्या कडेला शेंगदाणे खात बसायचं, मग पाईप चढवायचा, पट्टा आवळायचा आणि दमादमाने निघायचं. सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात पोचेपर्यंत रांग मारुतीच्या शेपटासारखी लांबलेली असायची.

आमचा मिस्त्री लोहाऱ्याला, कारखान्यांच्या वस्तीच्या कडेला. माणूस बोलका. त्याच्या गॅरेजमध्ये गाडी दुरुस्त होवो न होवो, करमणूक व्हायची. त्याने पाईप पाहिला, पट्टा पाहिला आणि लांब पान्याने अंगातलं सगळं बळ लावून पट्टा आवळला. मग घाम पुसत म्हणाला, ‘हे पाय. एवढा आवळला आता, का तुह्या बापाच्यानं निसटत नाई.’

चार-पाच दिवसांत निसटला.

दुसऱ्या खेपेला त्याने आणखी आवळला. पट्टा रबरात रुतला, खाच पडली. तो जोड आणखी लवकर सुटला. तिसऱ्या खेपेला मिस्त्रीचा चेहरा पडला. माझ्या नुकसानापेक्षा त्याला स्वतःच्या शब्दाचं जास्त लागलं होतं. त्याने इंजिनाचे खालचे रबर हलवून पाहिले, कारण इंजिन जास्त हादरत असेल तर ते पाईप ओढतं. ते ठीक होते. मग नळीच्या तोंडावरून बोट फिरवलं. बोटाला तेल आलं.

‘टर्बो तेल फेकते वाटते,’ तो म्हणाला. ‘तेलानं पाईप घसरते. टर्बो खोलावा लागन.’

टर्बो खोलायचा म्हणजे ऐन कापसाच्या दिवसांत गाडी उभी. पण मिस्त्री बोटाकडे पाहतच राहिला. उजेडात नेलं. नाकाजवळ नेलं. मग त्याने पाईप पूर्ण काढला आणि त्याची आतली कड मला दाखवली. इंजिनाचं तेल काळं असतं. हे पिवळं होतं.

‘भाऊ,’ तो अगदी गंभीरपणे म्हणाला, ‘पाईपले हळद कोनं लावली? लगन हाय काय याचं?’

गॅरेजमधले सगळे हातातली कामं टाकून जमले. एकाने चाखून पाहिलं आणि निकाल दिला, ‘जवसाचं तेल हाय. घरचं.’

मला तिथल्या तिथे सगळं कळलं. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर ज्या खांद्यावर जू घासलं, तो खांदा तेल-तुपाने आणि हळदीने मळायचा आणि बैलांच्या कानात सांगायचं, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ बाबा पोळ्याची वाट न पाहता एरवीही बैलांचे खांदे मळायचे. खांदा सुजला, आम्ही ‘खांदा आला’ म्हणतो, की हळद आणि जवसाचं तेल. बाबांनी ट्रकच्या आत डोकावून पाहिलं तेव्हा त्यांना काय दिसलं असेल? एक आवळलेला लोखंडी पट्टा आणि त्याखाली रुतलेलं, खाच पडलेलं काळं कातडं. त्यांना वाटलं, डब्याचा खांदा आला. मिस्त्री जितका पट्टा आवळत होता तितकी ती खाच खोल दिसत होती, आणि ती जितकी खोल दिसत होती तितकं बाबा तेल जास्त लावत होते. ते तेल झिरपून रबराखाली जात होतं.

मी मिस्त्रीला म्हणालो, ‘टर्बो खोलू नका. घरचा मामला हाय.’

घरी येऊन बायकोला विचारलं. ती पोळ्या लाटत होती.

‘बाबा गाडीले तेल लावतात हे तुले माहीत होतं?’

‘मंग त्याईले वाटी भरून कोन देते? शेजारीन?’

‘अवं, सांगायचं नाही काय मले!’

लाटणं थांबलं. ‘बैल गेले तवापासून त्याईनं पहिल्यांदा काई मांगतलं,’ ती म्हणाली. ‘मी कायले इचारू, कायले पायजे म्हनून?’

तिचं बरोबर होतं. आता बाबांना सांगायचं कसं? ‘तुम्ही माया करता म्हणून गाडी बंद पडते,’ हे वाक्य मी मनात बऱ्याच प्रकारे जुळवून पाहिलं. प्रत्येक प्रकारात ते दुसऱ्यांदा बैल नेल्यासारखंच वाटायचं. मग मी भित्र्या माणसाने काढावा तसा मार्ग काढला. पहाटे बाबा तेल लावायचे. मी चहा पिऊन, रामराम करून गाडी काढायचो आणि गावाबाहेरच्या चिंचेखाली थांबायचो. पट्टा सैल करायचा, पाईप काढायचा, नळीचं तोंड आणि पाईपची आतली कड पेट्रोलच्या फडक्याने पुसायची, कोरडी होऊ द्यायची, पुन्हा बसवायचं. मिस्त्रीने मला नवा बोल्टवाला पट्टा दिला होता आणि तो नळीच्या कडेच्या उभाराच्या मागे नेमका कसा बसवायचा तेही दाखवलं होतं. बेताने आवळायचं, रबर चिरेपर्यंत नाही.

आणि पाईप टिकला! चढणीवर शीळ शेवटपर्यंत वाजू लागली. वरचे हमाल म्हणाले, ‘सून नांदाले लागली, भाऊ!’ घरी बाबाही खुशीत. एकदा जेवताना म्हणाले, ‘आता बरा हाय त्याचा खांदा.’ मी मान खाली घालून भाकरी मोडली. बायकोने माझ्या ताटात नको असताना वरण वाढलं. हसू दाबायला तिला काहीतरी करायचं होतं.

असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण एका सकाळी मी डबा घरी विसरलो, जेवणाचा डबा. चिंचेखाली गाडीच्या तोंडात डोकं घालून बसलो होतो. हातात पिवळं झालेलं फडकं. मागून आवाज आला.

‘काय पुसून राह्यला बे?’

बाबा उभे होते. हातात माझा डबा. चालून चालून धाप लागलेली. फडकं मागे लपवलं, लहान पोराने करावं तसं. त्यांनी हात पुढे केला. मी फडकं दिलं. त्यांनी ते पाहिलं, मग उघड्या नळीकडे पाहिलं.

मी सांगितलं. जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही, जसं आलं तसं बोललो. तेलाने पाईप घसरतो, बाबा. म्हणून निसटतो. तुम्हाला कसं सांगू, कळत नव्हतं.

बाबांनी डबा बंपरवर ठेवला आणि गावाकडे वळले.

दुसऱ्या पहाटे ट्रकच्या पुढ्यात कुणी नव्हतं. तिसऱ्याही नाही. वाटी ओसरीच्या कोनाड्यात पालथी. बाबा पुन्हा खाटेवर. पाईप पक्का होता, गाडी धावत होती, आणि मला गाडीत बसवत नव्हतं. टर्बोची शीळ ऐकली की फडकं हातात धरलेला त्यांचा चेहरा आठवायचा. बायको म्हणाली, ‘तुमच्या पाईपपरीस बुढ्याचं निसटनं वाईट.’ त्या रात्री जेवण कुणालाच गेलं नाही.

मग एका दुपारी घरी आलो तर खाट रिकामी. बायको म्हणाली, सकाळीच पांढरी टोपी घालून, एसटीने गेले. कुठे ते सांगितलं नाही. बैलांच्या गावी एसटीने कुणी जात नाही. मी घाबरलो. आधी बैलांच्या गावी जाऊन आलो, तिथे नव्हते. बाजारात पाहिलं. शेवटी विचार केला, यवतमाळच्या बाजूने शोधत जावं, वाटेत मिस्त्रीलाही विचारावं.

गॅरेजच्या दारात पोचलो तर आतून हसण्याचा गलका. बाबा उलट्या ड्रमवर बसलेले, टोपी गुडघ्यावर, मांडीवर एक जुना पाईप. मिस्त्री त्यांच्यासमोर जमिनीवर मांडी घालून. चहाचे रिकामे ग्लास आजूबाजूला.

‘ये ये!’ मिस्त्री ओरडला. ‘काकाजीनं माह्यावाली शाळा घेतली सकाळपासून. पाय तुह्या बापाचं डोस्कं!’

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ‘बैलाचं जू घासते, म्हनून तेल,’ ते म्हणाले. ‘ह्याचं घासाचं नाई, धरून राहाचं हाय. म्हनून कोरडं. एवढीच गोठ होती.’

‘हो बाबा.’

‘मंग तोंडानं सांगता येत नवतं? चोरावानी चिचेखाली पुसत बसला! मले काय, समजत नाई काय?’

‘तुमाले वाईट वाटन म्हनून...’

‘वाईट त वाटलंच,’ बाबा म्हणाले. ‘तू पुसलं त्याचं नाई. लपून पुसलं त्याचं.’

मिस्त्रीला असं जड बोलणं सोसत नाही. तो म्हणाला, ‘काकाजी, त्याले ते जोताचं सांगा ना!’

आणि बाबा खुलले. मिस्त्रीने त्यांना समजावलं होतं की पट्टा एकदा आवळून चालत नाही. गाडी तापते, रबर दबतं, पट्टा किंचित ढिला होतो. म्हणून पहिली फेरी करून यायचं, गाडी निवू द्यायची आणि पुन्हा बेताने आवळायचं. हे ऐकल्यावर बाबांनी मांडीवर थाप मारली होती. बैलाच्या गळ्याखाली जुवाचं जोत बांधतात तेही तसंच. बांधायचं, नांगराच्या चार ओळी, म्हणजे चार तास, फिरवायचे, मग थांबून पुन्हा ओढायचं. पहिल्या तासाला दोर आपला ढील देतोच. ‘मले पहिलेच सांगतलं असतं ह्या मिस्त्रीनं,’ बाबा म्हणाले, ‘त मी कायले त्याले हळद फासली असती?’

‘काकाजी, मले काय मालूम, गाडीचा बी पोळा असते म्हनून!’ मिस्त्री म्हणाला आणि पुन्हा गलका झाला.

परत येताना बाबा पहिल्यांदा माझ्या कॅबिनमध्ये बसले. मांडीवर मिस्त्रीने दिलेली पांढऱ्या रंगाने भरलेली लहान डबी धरून. दुसऱ्या पहाटे मी उठलो तेव्हा ते ट्रकच्या पुढ्यात होते. या वेळी मी दारात थांबलो नाही, शेजारी जाऊन बसलो. त्यांनी जोड कोरडा पुसला, बोट फिरवून पाहिलं, मी पट्टा आवळला. मग त्यांनी एका काडीने अर्धी रबरावर आणि अर्धी लोखंडावर जाईल अशी एक पांढरी रेघ ओढली. पाईप जरा जरी सरकला तर रेघ तुटलेली दिसणार. ती युक्ती मिस्त्रीची, पण रेघ बाबांची. तेव्हापासून ती रेघ पाहिल्याशिवाय गाडी दारातून हलली नाही. उशीर झाला तरी नाही.

पुढचा पोळा आला. खांदशेकणीच्या संध्याकाळी बायकोने सवयीने वाटी भरली आणि बाबांसमोर ठेवली. बाबांनी वाटी घेतली, ट्रकभोवती एक चक्कर मारली आणि दोन्ही दारांच्या बिजागऱ्यांना तेल-हळद लावली. ती दारं वर्षभर करकरत होती. मी कधी तेल घातलं नव्हतं. मग ट्रकच्या कानाशी, म्हणजे आरशाशी, तोंड नेऊन म्हणाले, ‘आज आवतन घे, उद्या जेवाले ये.’ बायको पदराआड हसली आणि मग डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली बैल त्या वर्षी नेहमीपेक्षा कमी होते. झुली, बेगड, ढोल सगळं होतं, पण रांग आखूड. बाबांनी आमच्या ट्रकच्या पुढच्या बंपरला कासरा बांधला आणि तो हातात धरून पुढे चालू लागले. मी पहिल्या गिअरमध्ये त्यांच्यामागे. गावाला आधी कळेना हसावं की काय करावं. मग झडती, म्हणजे पोळ्याचं गाणं, म्हणणाऱ्या म्हाताऱ्याने ढोल थांबवला आणि तिथल्या तिथे नवी जुळवली:

‘चार पायाचा गेला रे, सहा चाकाचा आला
कडबा नाई खात रे, डिझल लागे त्याला
खांद्याले त्याच्या हळद रे, बापानं लावली लाडानं
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!’

सगळं गाव हसलं. त्या वर्षी एवढं मोठ्याने हसलेलं गाव मी ऐकलं नव्हतं. बाबा कासरा धरून ताठ चालत होते. मीही हसलो आणि या खेपेला इकडे-तिकडे पाहिलं नाही.

मग मोसमातली पहिली भरलेली खेप निघाली तेव्हा बाबा म्हणाले, ‘मी येतो.’ चढण लागली. टर्बोने शीळ धरली, बारीक, मग मोठी. बाबांनी मान तिरपी करून ऐकलं. ज्या जागेवर पाईप निसटायचा ती जागा आली आणि गेली. वरच्या हमालांनी टपावर थाप मारली. वर पोचल्यावर बाबांनी हात वर केला. ‘थांब. निवू दे.’

शेंगदाणे संपेपर्यंत आम्ही थांबलो. मग मी जाळी उघडली. बाबा वाकले. पांढरी रेघ रबरावरून लोखंडावर सरळ गेलेली होती. त्यांनी तिच्यावरून कोरडं बोट फिरवलं, मला पान्याने बोल्टला एक वेढा द्यायला लावला आणि कॅबिनमध्ये जाऊन बसले.

‘धरून हाय,’ ते म्हणाले. ‘हाक आता.’